नव्या डिस्कचा मान

डिचोलीच्या घरी गौरेशने कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली आणि फाइल सिस्टिमच सापडत नाही, असं सांगून कॉम्प्युटर अडून बसला. बाळाचे जन्मापासूनचे सगळे फोटो जुन्या डिस्कवर. जुनीच बिघडली असं समजून ती फॉरमॅट करून पुसायला गौरेश निघाला, तोच सुविधाने बाळाला कडेवर सरकवत नवऱ्याचा हात धरला.

“नवी कुठं जोडलीत?”

“पहिल्या जागी, कॉम्प्युटर जिथून सुरू होतो तिथं. नवीन आलेलीला मान नको?”

“रिकाम्या डोक्याच्या पाव्हणीला घर चालवायला बसवलंत. मी आले तेव्हा तुमच्या आईने कपाटाच्या चाव्या दिल्या होत्या?”

“अजून खंय दिल्यात,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

सुविधाने कॉम्प्युटर बंद करून दोन्ही डिस्कच्या जागा बदलल्या. तो मुकाट सुरू झाला. पडद्यावर आंघोळीतलं उघडंनागडं बाळ हसत आलं, आणि कडेवरचं बाळ त्याच्याकडे संशयाने बघू लागलं.