मुलाम्याची खोली

रविवारी दुपारची भांडी आवरली की माई आणि तिची नात टीव्हीपुढे बसत. त्या मालिकेला कार्टून म्हटलेलं नातीला मुळीच खपत नसे.

"आजी, कार्टून नाही गं, ॲनिमे," ती दर वेळी सुधारायची.

"तेच ते. चित्रंच हलतात ना?" माई दर वेळी म्हणायची.

मालिका जुन्या काळच्या एका राजवाड्यातली होती. तिची नायिका राजवाड्यात दिवे लावणारी पोर. संध्याकाळ झाली की हातात तेलाचं भांडं घेऊन ती प्रत्येक दालनात जायची, आणि दिवेवालीकडे कोण लक्ष देतो? त्यामुळे इतरांना जे दिसत नसे ते तिला दिसे. दर भागात एक गुन्हा, एक कोडं. नात पडद्याखालची अक्षरं भराभर वाचून आपल्या भाषेत सांगायची आणि माई बहुतेक वेळा भाग अर्ध्यावर असतानाच चोर पकडायची. "तो बघ, कारभारी. ओठांत एक आणि पोटात एक. त्याचंच काम आहे हे," असं म्हणून ती पाय वर घेऊन निवांत बसायची. नात चिडायची. माईला तिचं चिडणंही आवडायचं.

त्या रविवारी मात्र माईने कुणालाच पकडलं नाही.

त्या भागात एक म्हातारा कारागीर होता. सिंहासनाच्या दालनात पितळी फुलांची कमान होती, तिला सोन्याचा मुलामा देण्याचं काम त्याच्याकडे होतं. राजाने दिलेलं सोनं आणि कमानीवर चढलेलं सोनं यांचा मेळ बसेना. कारागीर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. हात पाठीमागे धरून उभा राही. हाताखालच्या पोराने नुसतं विचारलं, की अंगावर धावून जाई आणि मग कोपऱ्यात तोंड फिरवून रडे. "दरबारी म्हणतात, चोराच्या मनात चांदणं," नातीने सांगितलं. त्याला तुरुंगात टाकलं.

दिवेवालीचा एक पितळी दिवा त्याच्या खोलीत फळीवर राहिला होता. तो आणायला ती गेली, तर दिव्यावर पांढुरकी झाक आलेली. खोलीच्या खिडक्या घट्ट बंद. तिथेच बसून तिने बराच वेळ त्या दिव्याकडे पाहिलं आणि मग उठून पहिली खिडकी उघडली. दिव्यावर बसला होता तो पारा. मुलामा देताना सोनं पाऱ्यात कालवायचं, तो लगदा पितळेवर फासायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं मागे राहतं. पण उडालेला पारा जातो कुठे? बंद खोलीत तो जातो माणसाच्या छातीत, हिरड्यांत, डोक्यात. हात कापतात. माणूस भितो, रागावतो, जो तो आपल्याला लुबाडतोय असं त्याला वाटू लागतं. राजाचं सोनं कुणी नेलंच नव्हतं. कापत्या हातातून लगदा सांडत होता आणि जमिनीच्या फटींत मुरत होता.

"थांबव," माई म्हणाली. "मागे ने."

"कुठवर?"

"त्याचा हात दाखवला तिथवर."

नातीने मागे नेलं. पडद्यावर म्हाताऱ्याचा हात मोठा होऊन आला. आधी बोटांची टोकं थरथरत होती, मग मनगट. दुसऱ्या हाताने तो पहिला हात धरू पाहत होता आणि दोन्ही मिळून थरथरत होते.

"आजी? काय झालं?"

"हे माझे बाबा आहेत गं," माई म्हणाली.

माईचे वडील मुलामा देणारेच होते. घड्याळांची पितळी घरं, आरशांच्या चौकटी, दारांच्या मुठी, जे येईल ते. घराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. माईची आई लवकर गेली. घरात बाप आणि दोन पोरं, थोरला दादा आणि धाकटी माई. बाबांचा हात मोठा नावाजलेला. "पारा उडाला की सोनं हसतं," असं ते म्हणत आणि मुलामा चढलेली मूठ उजेडात धरून पोरांना दाखवत. तेव्हा स्वतःही हसत. ते हसणं माईला आठवत होतं. त्यानंतरचंही आठवत होतं. ताटातला घास तोंडापर्यंत जाईना. गल्लीतले बाबांना मास्तर म्हणत; ते म्हणू लागले, मास्तर प्यायला लागले. गिऱ्हाईक आलं की बाबा आत लपत. रात्री उठून डब्या उघडून सोन्याचे कण पाहत आणि पुटपुटत.

मग एक दिवस घड्याळवाला आपला माल न्यायला आला असताना बाबांनी दादाला दारात उभं केलं. "सोनं काढ," म्हणाले. दादाला तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. बाबांनी त्याच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला, विजारीचे खिसे उलटे केले. काही निघालं नाही. "गिळलंस का, चोरा?" ते ओरडले. घड्याळवाला घसा खाकरत रस्त्याकडे पाहत राहिला. दादा तसाच, उलटे खिसे लोंबत असताना, पायऱ्या उतरून गेला. तो घरी परत आला नाही. बाबा गेले तेव्हा माईने निरोप धाडला होता, तेव्हाही आला नाही.

पुढे दादा एका मोठ्या दवाखान्यात भांडारावर लागला. औषधं, चादरी, कापूस, सगळं त्याच्या ताब्यात. टाचणी इकडची तिकडे झाली नाही अशी त्याची ख्याती. त्याच्या एकाही सदऱ्याला खिसा नसे. शिंप्याला तो तसं बजावून सांगे. किल्ल्या, चष्मा, रुमाल, सगळं एका जाळीच्या पिशवीत, बाहेरून दिसेल असं. बाबांच्या माघारी तो माईकडे येऊ-जाऊ लागला होता, आणि तिच्या घरात त्यावरून थट्टा चाले. "दादाआजोबांचं सगळं उघड्यावर," नात म्हणायची. तोही हसायचा. वडिलांचा विषय निघाला की मात्र "तुझा बाप" म्हणायचा, जणू माई एकटीच त्यांची.

भाग संपला तेव्हा कारागिराची सुटका झाली होती. पण आपल्याला काय झालंय ते त्याला कुणी सांगितलं नाही. हात पाठीशी धरून तो वेशीबाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माई रक्तदाबाच्या गोळ्या आणायला डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा तिने सगळं विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हिरड्या सुजायच्या त्यांच्या?"

"दात हलायचे. लाळ गळायची."

"लोकांसमोर जायला घाबरायचे?"

"गिऱ्हाईक आलं की पलंगामागे जाऊन बसायचे."

"आता नक्की कुणीच सांगू शकणार नाही, माई. पण तुम्ही सांगताय ते अगदी पाऱ्याच्या वाफेसारखंच आहे. तेव्हा लोकांना हे फारसं ठाऊकच नसायचं."

घरी येऊन माईने नातीला सांगितलं, "दादाला हा भाग दाखवायचा."

नातीने कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, नको. खपली धरलेली जखम आहे ती. या वयात कशाला काढतेस?"

"खपली कसली? आतून ओलीच आहे. बाप शुद्धीत होता आणि शुद्धीत असताना त्याने आपल्याला चोर म्हटलं, असं मानून दादा मरणार का? तसंच जाऊ देऊ?"

"आणि त्यांना जास्तच लागलं तर?"

माईने दोन दिवस त्यावर विचार केला आणि मग दादाला फोन केला.

दादा दुपारच्या चहाला आला. जाळीची पिशवी त्याने खुर्चीच्या पाठीला अडकवली. "म्हातारपणी मला कार्टून दाखवायला बोलावलंस, धाकटे? शाळेत घालतेस का पुन्हा?"

"दादाआजोबा, ॲनिमे," नात म्हणाली.

"बरं बाई, तेच ते."

पहिली काही मिनिटं तो थट्टा करत होता. दिवेवालीच्या केसांवरून बोलला, राजाच्या टोपीवरून बोलला. कारागीर पडद्यावर आला आणि पितळी फुलावर लगदा फासू लागला, तेव्हा दादाचं बोलणं थांबलं. माई टीव्हीकडे पाहत नव्हती. ती दादाकडे पाहत होती. त्याची मान हळूहळू पुढे आली. अंगावर धावून जाणं, कोपऱ्यातलं रडणं, सगळं त्याने पापणी न हलवता पाहिलं. मग दिवेवालीने उठून पहिली खिडकी उघडली.

"थांबव," दादा म्हणाला.

नातीने थांबवलं. चित्रातली खिडकी अर्धी उघडी राहिली.

"हे खरं असतं?"

"खरं असतं," माई म्हणाली. "मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. सगळं तसंच, दादा. ते शुद्धीत नव्हते रे. तुला चोर म्हणाले ते..."

"खिडक्या मी लावायचो," दादा म्हणाला.

"कुठल्या खिडक्या?" माईने विचारलं.

"तू लहान होतीस, तुला ठाऊक नाही. वारा आला की निखारा एका अंगाने फुलतो, मुलाम्यावर डाग पडतो. म्हणून रोज सकाळी मी चिंध्या ओल्या करायचो आणि खिडकीच्या फटींत कोंबायचो. सुईला जागा राहायची नाही, असं कोंबायचो. फार मन लावून करायचो ते. तुझ्या बापाने मला उभ्या जन्मात एकदा शाबासकी दिली, ती त्या चिंध्यांची."

माई त्याचं ओझं उतरवायला निघाली होती. या खिडक्यांचा तिने विचारच केला नव्हता.

"तू पोर होतास," ती अखेर म्हणाली. "त्यांनी सांगितलं, तू केलंस. त्यांनाही माहीत नव्हतं."

"ठाऊक आहे मला. डोक्याला कळतंय." दादाने तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "हे कशाला दाखवलंस गं? तो वाईट माणूस होता एवढं एक माझ्याजवळ होतं. त्यावर माझं नीट चाललं होतं. निरोप आला तरी गेलो नाही, का? तर तो वाईट होता. आता ते कुठे ठेवू?"

"मला वाटलं, तुझ्या मनावरचं उतरेल."

"उतरलं ना. एक उतरलं, एक चढलं."

नात हळूच उठून स्वयंपाकघरात गेली. कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. दादा उठून जाईल असं माईला वाटलं. पिशवी हाताशीच होती. एकदा त्याने तिकडे पाहिलंही. पण तो उठला नाही.

"मी गेल्यावर खिडक्या कोण लावायचं?" त्याने विचारलं.

"बाबाच. हात थांबत नव्हता, चिंध्या खाली पडायच्या. पुन्हा उचलायचे, पुन्हा कोंबायचे."

"तू?"

"मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नव्हते. टाकलं की ओरडायचे, सोन्याला हात लावशील म्हणून. मी बाहेर बसून रडायची. आज वाटतं, त्या संशयाने मला तरी वाचवलं. तुलाही वाचवलं, दादा. तू राहिला असतास तर तुझेही हात..."

"ते नको," दादा म्हणाला. "ते आज नको सांगूस."

"बरं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पडद्यावरची खिडकी अर्धी उघडी तशीच होती. दादा तिच्याकडे पाहत राहिला. मग नजर न काढता त्याने विचारलं, "माझं नाव काढायचे?"

माईला खोटं बोलता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. एवढा म्हातारा भाऊ समोर बसलाय, एक शब्द गोड बोललं तर काय बिघडतं? पण आजची दुपार तिनेच उघडली होती, आता अर्धी मिटून कशी चालेल?

"सुरुवातीला शिव्या द्यायचे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी नावं राहिलीच नव्हती त्यांच्याजवळ. माझंही नाही. मला बाई म्हणायचे."

दादाने मान डोलवली. मग कुणा ओळखीच्या घरी दुखणाइताची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाला, "जेवत होते का नीट?"

"कुठलं! दात गेले होते. दुधात पाव कुस्करून द्यायची."

"भरवायचीस?"

"चमच्याने. चमचा बघितला की तोंड मिटायचे. मग मी युक्ती काढली. चमचा त्यांच्याच हातात द्यायचा आणि आपला हात त्यांच्या हातावर ठेवायचा. दोघांनी मिळून उचलायचा. अर्धं सांडायचं, पण तोंड उघडायचे."

"दाखव," दादा म्हणाला.

चहाच्या कपातला चमचा माईने त्याच्या हातात दिला, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. दादाचा हात मुळीच कापत नव्हता. माईचा मात्र थोडा कापत होता, वयाने.

"असा," ती म्हणाली. "हळू. घाई केली की ते दचकायचे."

"मग?" दादा म्हणाला. "मग पुढे सांग."

आणि दादा घर सोडून गेला त्या दिवसापासूनचं सगळं माई सांगू लागली.