तेवढ्यापुरतं नको

"फुकटची आहे ती, बाबा. तिचं कसलं ऐकत बसता?"

हे माझ्यासाठी नव्हतं, माझ्याविषयी होतं. घरातल्या थोरल्या मुलाने माझ्या तोंडासमोर बसून म्हटलं, म्हणून ऐकू आलं. आत भांडी पुसणाऱ्या सूनबाईलाही ऐकू आलं. तिचा हात क्षणभर थांबला.

मी फायरवॉल बोलतेय. घरच्या कॉम्प्युटरची राखणदारीण. आतलं कुणी इंटरनेटवर जायला निघालं की मी दारात आडवी होते आणि घरच्यांना विचारते, "हा चाललाय. जाऊ देऊ?" मला चारपाच जणांनी नोकऱ्या सांभाळून, डोळे लाल करून घडवलं आणि वाटून टाकलं. फुकट दिलं म्हणजे फुकट झाले, असं नव्हे!

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सूनबाईने मला या घरात आणलं. तिचे सासरे बाहेरच्या खोलीत लोकांचे फोटो काढतात, अर्ज भरून देतात. अख्ख्या गल्लीची ओळखपत्रं, सह्या, पत्ते या कॉम्प्युटरमध्ये. घराच्या दाराला दोन कड्या आणि एक कुलूप. या सगळ्याला काहीच नाही. ते तिला बघवलं नाही.

मोठे दीर, म्हणजे दादा, घरातले कॉम्प्युटरतज्ज्ञ. मी पहिला प्रश्न विचारला, तेव्हा सासरे गोंधळले.

"अरे, ही काय म्हणतेय?"

"काही नाही हो. हिरवं दाबायचं, 'जाऊ दे'चं."

पुन्हा विचारायला नको म्हणून दादांनी चिठ्ठीच चिकटवली स्क्रीनच्या कडेला: 'हिरवं दाबा.' झालं! मी जीव तोडून विचारायचं आणि यांनी माझ्याकडे न बघता चिठ्ठीकडे बघायचं. वाचायचंच नसेल, तर मला दारात उभं कशाला करता?

मग दादांनी कुठूनसा एक प्रोग्रॅम उतरवला. फोटोंना फुलांच्या चौकटी लावणारा. घरात येताच तो बाहेर जायला निघाला, कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर. चौकटी लावणाऱ्याला जगाच्या पलीकडे काय काम? मी विचारलं. खुर्चीत नेमकी सूनबाई होती. तिने सगळं वाचलं आणि 'नको' दाबलं. शेजारीच 'कायमचं नको' होतं. तिचं बोट तिथवर गेलं आणि मागे आलं. घर त्यांचं, कॉम्प्युटर त्यांचा. कायमचं ठरवणारी आपण कोण? दुसऱ्या दिवशीही तसंच. तेवढ्यापुरतं नको.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत दादा होते. "ही बया काही सुचू देत नाही," म्हणाले आणि मलाच बंद केलं.

दीड महिन्याने गल्लीतल्या शिक्षिकाबाई दारात आल्या. हातात एक कागद.

"भाऊ, माझ्या नावावर कुणीतरी फोन घेतलाय. पोलीस मला विचारतायत. अर्जावर हा फोटो आहे."

सासऱ्यांनी कागद घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. फोटोत बाईंच्या चष्म्यावर चमक आली होती. "हा तर मी छापलाच नव्हता. बाद म्हणून ठेवला होता… यातच."

"मी म्हटलं नव्हतं?" दादांनी हात झटकले. "फुकटची वस्तू! आणलीही हिनेच."

ऐकलंत? दार यांनी सताड उघडलं, आणि ठपका राखणदारणीवर!

सूनबाईने खुर्ची ओढली, मला जागं केलं, माझी नोंद उघडली. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक उत्तर, तारीखवार. शेवटची ओळ: घरच्या माणसाने बंद केलं. दादांनी ती वाचली आणि हाताची घडी सोडली.

तेवढ्यात तो चौकटीवाला पुन्हा निघाला. मी सगळ्यांसमोर विचारलं, "हा चाललाय. जाऊ देऊ?" सासऱ्यांचा हात सवयीने हिरव्याकडे गेला.

सूनबाईने तो हलकेच धरला. दुसऱ्या हाताने चिठ्ठी उपटली आणि 'कायमचं नको' दाबलं. मग वळली. आवाज चढला नव्हता, पण आतल्या खोलीपर्यंत पोचला:

"बाबा, थांबा. दादा, हिने तीनदा विचारलं होतं. दोनदा मी तेवढ्यापुरतं नको म्हटलं, ते माझं चुकलं. तिसऱ्यांदा तुम्ही हिचं तोंडच बंद केलंत. आता बाईंबरोबर पोलिसांकडे तुम्ही जायचं, ही नोंद घेऊन. आणि ज्यांचे ज्यांचे कागद यात आहेत, त्यांना आजच्या आज सांगायचं. यादी मी काढते. फोन तुम्ही लावा."