कोनाड्याचं माप

आदिलाबादच्या बस स्टँडवर उतरल्यावर केशवरावांनी आधी खिसा चाचपला. सुतळी होती. तीन गाठींची. पहिल्या गाठीपर्यंत रुंदी, तिथून दुसरीपर्यंत उंची, तिथून तिसरीपर्यंत खोली. गाठी त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी मारलेल्या होत्या. पौषात तुळजाबाई गेल्या आणि आता भादवा चालू होता.

भाजीपाल्याच्या मळ्यात त्यांच्याकडे सगळी मापं सुतळीनंच व्हायची. वाफा आखायचा तर सुतळी, मिरचीच्या रोपांत अंतर ठेवायचं तर सुतळी. घरात टेप होता, पण तुळजाबाईंचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "आकडा ध्यानात राहत नाई. गाठ मारली का हाताले समजते," असं त्या म्हणायच्या.

सहा वर्षांपूर्वी घर बांधायला काढलं तेव्हा त्या इचोड्याला आपल्या भावाकडे, उत्तमरावांकडे गेल्या. तिथं टीव्हीसारखा जाडजूड कम्प्युटर होता. कुठलंसं इंटरनेटचं दुकान बंद पडलं, तेव्हा उत्तमरावांनी तो स्वस्तात उचलला होता. तुळजाबाईंनी त्याला तिन्ही बाजूंनी सुतळी लावली, गाठी मारल्या आणि ती सुतळी आणून गवंड्याच्या हातात दिली. "इथं भिंतीत कोनाडा कर. माह्या पोरीचा, सपनाचा कम्प्युटर इथं बसन."

गवंडी म्हणाला, "बाई, भिंत नऊ इंची हाय. तुमच्या गाठीइतकं खोल केलं तर त्याची पाठ तिकडून सैपाकघरात निघन."

"निघू दे."

निघाली. सैपाकघरात शेगडीच्या बाजूला, बरोबर कपाळाच्या उंचीवर, सिमेंटचं एक खोकं भिंतीतून बाहेर आलं. सकाळी चहा ठेवताना तुळजाबाईंचं डोकं त्याच्यावर आपटायचंच. मग त्या कपाळ चोळत म्हणायच्या, "मेल्या कम्प्युटरा, आला नाईस तरी मारतेस!"

कम्प्युटर काही आला नाही. एक वर्ष बोअर आटली, एक वर्ष आणखी काही निघालं, मग तुळजाबाईंचं दुखणं. कोनाड्यात बटनाचा बोर्ड बसलेला, वर लाल दिव्याचा ठिपका, आणि आत काही नाही. सपना त्यात आपली पुस्तकं ठेवायची, तर तुळजाबाई ती काढून खाटेवर ठेवायच्या. जागा ज्याची त्याची.

आता सपनाची डिग्री झाली होती. मे महिन्यात तिनं पुढची कसलीशी प्रवेश परीक्षाही दिली होती. केशवरावच तिला घेऊन गेले होते आणि तीन तास बाहेर लिंबाखाली बसले होते. नंतर एक दिवस ती म्हणाली, "बाबा, पास झाले." ते म्हणाले, "बरं झालं," आणि वांग्यांना पाणी सोडायला निघून गेले. पुढं काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. त्यांना उत्तर नको होतं.

मग गेल्या आठवड्यात तीच जेवताना म्हणाली, "बाबा, मी घरूनच कोर्स करतो ऑनलाइन. एक डेस्कटॉप घेऊ. आईच्या कोनाड्यात बसवू."

त्या दिवशी केशवरावांना बऱ्याच महिन्यांनी भाकरीची चव लागली. डेस्कटॉप म्हणजे एका जागी बसणारा. तो कोनाड्यात बसला की त्याच्यासमोर पोरगी बसणार. संध्याकाळी मळ्यातून आलं की घरात कोणीतरी असणार. एवढंच त्यांना पाहिजे होतं, याच्यापुढं काही नाही.

उत्तमराव इचोड्याहून त्याच बसमध्ये चढले होते. कम्प्युटर घ्यायला भाच्चीसोबत मामा नाही, तर कोण जाणार? तिघं मिळून चंदनच्या दुकानात आले. चंदन तिशीतला, उत्तमरावांच्या ओळखीचा, बोलायला चपळ. त्यानं तीन प्रकार समोर मांडले.

"हा डेस्कटॉप. डबा वेगळा, पडदा वेगळा. हा ऑल-इन-वन, डबा पडद्याच्या पाठीतच, वायरीची कटकट नाई. अन हा लॅपटॉप. काका, पयले सांगा, घरीच वापराचा हाय का बाहेर न्यायचा?"

"घरी," केशवराव आणि सपना एकदमच म्हणाले.

"मंग लाइटीचं कसं हाय तुमच्याकडं?"

"जाते," केशवराव म्हणाले.

"जाते तशी येतेही," उत्तमराव म्हणाले. "चंदन, भेव दाखवू नको. तुले महाग ते इकायचं हाय."

"मामा, मी खरं सांगून राह्यलो. डेस्कटॉपले यूपीएस लागन. लाइट गेली का दहा-पंधरा मिनिटं, मंग बंद. लॅपटॉप चार-पाच तास चालते."

"अन बिघडला म्हणजे?"

"डेस्कटॉपचा एकेक भाग बदलता येते."

"आता बोलला!" उत्तमरावांनी मांडीवर हात मारला. "भाऊजी, डेस्कटॉप म्हणजे बैलगाडी. चाक मोडलं, चाक बदला. हा लॅपटॉप म्हणजे काचेची बांगडी. पिचली का गेली."

"अन तो मधला?" केशवरावांनी विचारलं.

"तो ना बाई ना बुवा. घरातून हालत नाई, अन खोलून दुरुस्तही होत नाई."

चंदन हसला. मग त्यानं रॅम आणि एसएसडी असे शब्द काढले. केशवरावांचा चेहरा पाहून तो थांबला आणि म्हणाला, "काका, असं समजा. एसएसडी म्हणजे घरातली कोठी, माल साठवायची. रॅम म्हणजे सैपाकाचा ओटा. ओटा लहान असला का एका वेळी एकच भांडं मांडता येते."

"ओटा मोठा दे," केशवराव म्हणाले. एवढं त्यांना समजलं होतं. आठ महिने तेच ओट्यापाशी उभे होते. सपना नको म्हणायची, तरी सकाळचा चहा तेच करायचे.

त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि पहिली गाठ डेस्कटॉपच्या पडद्याला लावली. रुंदीत बसत होता. उंचीतही. डबा बाजूला उभा राहत होता. तिसरी गाठ लावून पाहिली तेव्हा ते थांबले. पडदा चार बोटं जाड होता. गाठ कुठल्या कुठं पुढं आली.

"इतका बारीक?"

"आता असेच येतात, काका. ते टीव्हीसारखे कव्हाच बंद झाले."

म्हणजे भिंत फोडून पाठ काढायची काही गरज नव्हती. केशवराव सुतळी हातात धरून तसेच उभे राहिले. हे तुळजाबाईंना सांगायला पाहिजे होतं. त्या हसल्या असत्या, आणि गवंड्याला शिव्या दिल्या असत्या.

"हाच द्या," सपना म्हणाली. "डेस्कटॉप. ओटा मोठा. ठरलं."

चंदननं माल काढायला सांगितलं. उत्तमराव तंबाखूचा खर्रा आणायला कोपऱ्यावर गेले. "बाबा, तुमची बीपीची गोळी सरली हाय, समोरून घेऊन येतो," म्हणून सपना रस्ता ओलांडून गेली. केशवराव स्टुलावर बसले. पाय दुखत होते. काम झालं होतं, तरी हलकं वाटत नव्हतं.

"काका, फोन द्या जरा. वॉरंटी तुमच्या नंबरवर टाकली, तिचा ओटीपी आला असन."

केशवरावांनी फोन दिला. चंदननं मेसेज उघडले आणि बोटानं वर-खाली केले.

"बाप्पा, किती मेसेज! वाचत नाई काय तुमी?"

"इंग्रजीत येतात. जाहिराती असतात."

"हे जाहिराती नाईत." चंदनचं बोट थांबलं. "सपना तुमचीच पोरगी ना? तिले सीट लागली हाय. एमसीए. हैद्राबादले. काउन्सिलिंगवाल्यांचा मेसेज हाय. एक नाई, तीन हायेत. बारा तारखेच्या आत कॉलेजात हजर व्हा म्हणते, नाई तर सीट जाते."

"आज किती?"

"आठ." चंदननं मान वर केली. "पोरीनं सांगितलं नाई काय?"

"मी विचारलं नाई."

बाहेर आदिलाबादचा रस्ता चालू होता. समोर मेडिकलच्या पायरीवर सपना रांगेत उभी होती, हातात जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. फॉर्म भरताना तिनं बापाचा नंबर दिला होता, कारण आधार त्याच नंबराला जोडलेलं होतं. मेसेज बापाच्या खिशात येत होते, सुतळीच्या शेजारी. तिला माहीत होतं की बाबा ते वाचणार नाहीत. आणि केशवरावांना आता दिसत होतं की गेल्या आठवड्यात पोरगी डेस्कटॉप म्हणाली तेव्हा ती कम्प्युटरचं बोलतच नव्हती. ते दोघंही कम्प्युटरचं बोलत नव्हते.

त्यांनी हा मेसेज पाहिलाच नसता तर? चंदन काही ओरडून सांगणार नव्हता. चार दिवस गप्प राहिलं की तारीख आपोआप निघून गेली असती. हे त्यांच्या मनात आलं, आणि बराच वेळ राहिलं.

"चंदन," ते म्हणाले, "ते खोकं बांधू नको. लॅपटॉप काढ."

सपना आली तेव्हा टेबलावर दुसरंच खोकं होतं.

"हे काय? बाबा, डेस्कटॉप ठरला होता ना?"

"ठरला होता. बारा तारीखही ठरली होती. ते काऊन नाई सांगितलं?"

सपनानं चंदनकडं पाहिलं, मग फोनकडं. गोळ्यांचं पाकीट तिनं टेबलावर ठेवलं.

"मले नाई जायचं."

"परीक्षा कायले दिली मंग?"

"आई होती तव्हा फॉर्म भरला होता." ती खाली पाहून बोलत होती. "तुमी एकटे कसे राहाल? गोळी घ्यायचं ध्यान राहते तुमाले? परवा भाकरीत मीठ दोनदा टाकलं तुमी."

"दोन्ही वेळा आपल्याच घरचं टाकलं."

"हसू नका, बाबा."

"मी कुठं हसून राह्यलो?"

उत्तमराव गालात खर्रा दाबत आत आले आणि दारातच थबकले. चंदननं त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. उत्तमराव एकदा भाच्चीकडं, एकदा भाऊजींकडं पाहत म्हणाले, "पोरगी हैद्राबादले गेली तर भाऊजी, तुमी खाल काय? वरण तरी जमते का?"

"दाळ लागते अन पानी लागते, एवढं माहीत हाय."

"अन बाकीचं?"

"बाकीचं शिजते आपल्या आपण."

सपना म्हणाली, "आईनं मुद्दाम कोनाडा बांधला. लॅपटॉप घेतला तर तो रिकामाच राहीन."

"कोनाडा तिनं कम्प्युटरसाठी बांधला," केशवराव म्हणाले. "तुह्यासाठी नाई."

त्या क्षणी सपना आणखी एकदा नाही म्हणाली असती, तर केशवराव हो म्हणाले असते. त्यांच्यात तेवढंच बळ होतं, एका नाहीपुरतं. ते वाट पाहत उभे राहिले. ती म्हणाली नाही. तिनं खोक्यावर हात ठेवला आणि हळूच चंदनला विचारलं, "याची बॅटरी खरंच पाच तास चालते का?"

खोक्याला मूठ नव्हती. बसच्या गर्दीत निसटेल म्हणून केशवरावांनी खिशातली सुतळी काढली आणि खोक्याला आडवी-उभी फिरवून बांधली. तुळजाबाईंच्या गाठी मोडल्या नाहीत, त्यांच्या बाजूला आपली एक मारली. गाठ बसेपर्यंत उत्तमरावांनी सुतळी बोटानं दाबून धरली.

तीन दिवस लॅपटॉप कोनाड्यात होता. मोठ्या परातीत एक पापड ठेवावा, तसा दिसायचा. बोर्ड जाड्या कम्प्युटरच्या हिशोबानं वर बसवलेला, म्हणून चार्जरची वायर लोंबत राहायची आणि लॅपटॉप कडेला सरकवून ठेवावा लागायचा. सपनानं सामान बांधता बांधता बापाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या दोन डब्यांत घातल्या. एका डब्यावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चांदणी.

"मले वाचता येते, मराठीतून," केशवराव म्हणाले.

"मेसेज तर वाचले नाई."

केशवरावांनी चांदणीचा डबा उघडून पाहिला आणि परत लावला.

अकरा तारखेला सकाळी ते तिला घेऊन नेरडीगोंड्याला, हायवेवर गेले. लॅपटॉप परत त्याच खोक्यात, सुतळीनं बांधलेला. बसला वेळ होता. ट्रक जात राहिले. सपनानं विचारलं, "सुतळी सोडून देऊ का? तुमाले वाफ्याले लागन."

"राहू दे. खोकं सुटन."

बस आली. चढताना ती काहीतरी म्हणाली, ते ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यांनी हात वर केला. बस लहान होऊन दिसेनाशी झाली, तरी ते थोडा वेळ तिथंच उभे होते. पुढचं काम काय ते आठवत नव्हतं. मग मेथीला पाणी द्यायचंय हे आठवलं.

पाणी देऊन घरी आले तेव्हा दुपार झाली होती. कोनाड्यातलं बटन चालूच राहिलं होतं, लाल ठिपका जळत होता. बंद करायला त्यांनी हात नेला, मग तसाच मागं घेतला.

सैपाकघरात जाऊन त्यांनी डाळ धुतली. शेगडीखाली लायटर पडला होता, तो घ्यायला वाकले आणि उठताना कपाळ सिमेंटच्या खोक्यावर जोरात आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. ते भिंतीला धरून उभे राहिले आणि कपाळ चोळत राहिले.

"मेल्या कम्प्युटरा," ते मोठ्यानं म्हणाले, घरात ऐकायला कोणी नव्हतं तरी, "गेलास तरी मारतेस!"

मग त्यांनी डाळीत पाणी घातलं. किती घालायचं ते माहीत नव्हतं. डाळ बुडून वर दोन बोटं राहील, एवढं घातलं.