टीनाची जबानी

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला दरेकशाच्या शामकलाबाईंनी सून टीनाला गोंदियाच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आणलं. बाळ सकाळीच झालं होतं, रक्त थांबत नव्हतं. प्रसूती वॉर्डच्या सिस्टर संध्या बिसेन यांनी चिठ्ठी पाहिली. डॉ. भूपेंद्र यांच्या खाजगी नर्सिंग होमची. पाठवल्याची वेळ कोरी.

तीन वर्षांपूर्वी संध्याची धाकटी बहीण मोनाली याच डॉक्टरांच्या अशाच कोऱ्या वेळेच्या चिठ्ठीसह इथे आली आणि वीस मिनिटांत गेली. "मैंने तो ठीक हालत में भेजा था," डॉक्टरांनी चौकशीत सांगितलं. मृत्यू मेडिकलच्या नावावर लागला. तिच्या गावी, दवनीवाड्यात, लोक अजून म्हणतात, सरकारीत मारली.

माता दगावली की चौकशी बसते. टीना गेली तर बसेलच, आणि या खेपेला डॉ. भूपेंद्रांविरुद्ध साक्षीला संध्या असेल. हा विचार आला तेव्हा तिचा हात सलाईनच्या नळीवर होता. तो थांबला. एक श्वास, फार तर दोन.

मग ती ओरडली, "ओमेश सर, रक्त!"

रक्तपेढीत टीनाच्या गटाची, ओ निगेटिव्हची, एकच पिशवी होती. शिकाऊ डॉक्टर ओमेशने कॉलेजच्या सगळ्या वर्गांत निरोप धाडला. लेक्चर सोडून त्याच गटाचे सहा विद्यार्थी रक्त द्यायला धावत आले. चारच्या सुमारास रक्तस्राव थांबला.

संध्याकाळी डॉ. भूपेंद्रांचा फोन आला.

"सिस्टर, वो दरेकसावाली?"

"जिंदा है."

"चलो, फिर तो मामला खत्म."

"किसका?" म्हणून तिने फोन ठेवला.

शामकलाबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या.

"काकी, तिथं किती वेळ ठेवलं?"

"सकारी सहापासून. मी म्हनलं, रक्त जाऊन राहिलं, कायले थांबवून राहिले? त म्हने, बुढी, तू डागटर आहेस का?"

"हे तक्रारीत लिहून द्याल? कलेक्टर साहेबांसमोर बोलाल?"

"आमी जंगलातले लोक, बाई. आमचं कोन आयकते?"

"मेलेलीचं कोणी ऐकलं नाही, काकी. माझ्या बहिणीचं नाही ऐकलं."

पलंगावरून टीनाचा बारीक आवाज आला. "मी बोलीन."

"तू पड चूप," सासू म्हणाली.

"काऊन चूप? मले सारं आयकू येत होतं. आतल्या खोलीत तो डागटर नाश्ता करून राहिला होता." तिने दम घेतला. "सिस्टर, लिहा. पन मी बोलीन तवा त्याले माह्यासमोर बसवा."