माझ्या पोटात सगळे गाव

मित्रांनो, मी निळा आहे, चौकोनी आहे आणि आता जुनाही आहे. लस गार ठेवण्याचा डबा म्हणून मी जन्मलो. पोटात बर्फाच्या चार पिशव्या घेऊन मी चिलिका सरोवराच्या काठची गावे फिरलो. मला पाहिले की मुले खाटेखाली शिरत. माझे कौतुक फक्त एका वासराने केले. त्याने मला चाटले.

मग कोरोनाचे वर्ष आले. त्यातल्या एका गावात तो आलाच नाही, असे तिथले सगळे म्हणत. कोणाचे अंग दुखले तर ते जाळे ओढल्यामुळे. गावावर संकट मात्र वेगळेच होते. सुकांती माउसीच्या सुकुआला, म्हणजे सुक्या मासळीला, वासच येईनासा झाला होता.

सुकुआला वास नाही म्हणजे काय राहिले? सरपंच गदाधरबाबूंनी तिला भर बाजारात विचारले होते, की ही मासळी आहे की भुसा? माउसी म्हणाली, माझ्या दारात मांजरे रांग लावतात, त्यांना विचारा. मांजरे तुझीच आहेत, असा निकाल लागला. गिऱ्हाईक तुटले. पुढे लोकांना वास येऊ लागला असेल, पण तिच्याकडे फिरकतो कोण? येत्या मंगळवारी बाजारातली तिची जागा दुसऱ्याला द्यायचे ठरले. माउसीचे पोट त्या जागेवरच होते.

त्याच आठवड्यात नर्स इतिश्रीदिदी मला घेऊन गावात आली. आजारी कोण, हे तिने विचारलेच नाही. चिठ्ठ्या टाकून घरे निवडली आणि धडधाकट माणसांचे रक्त घेतले. विषाणू अंगात येऊन गेला असेल, तर रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे सापडतात. तो किती जणांना गाठून गेला, हे त्यावरून मोजायचे होते.

"काढा, दिदी. पण फुकट जाईल," सरपंच दंड पुढे करून म्हणाले.

आयुष्यभर मी गावाला काहीतरी नेऊन दिले. त्या दिवशी पहिल्यांदा गावच घेऊन निघालो. माझ्या पोटात सरपंच आणि त्यांना शिव्या देणारे शेजारी खांद्याला खांदा लावून बसले होते. कोणी भांडले नाही. गारठा होता.

सोमवारी दिदी निकाल घेऊन परतली. तपासलेल्या दहांपैकी सात जणांना कोरोना होऊन गेला होता. ज्याचा निकाल त्याच्याच कानात सांगितला, त्यामुळे चुलीवरचा भात शिजेपर्यंत तो सगळ्यांना कळला. सरपंच त्या सातांत होते. माउसीचेही रक्त तपासले होते, पण ती त्यांत नव्हती.

सरपंचांनी आपले नाक चाचपले. मग हळूच म्हणाले, "दिदी, हा रोग वाससुद्धा नेतो का हो?"

"नेतो की. कित्येकांचा तेवढाच जातो."

सगळ्यांनी माउसीकडे पाहिले. ती टोपली घेऊन उभी होती.

"म्हणजे भुसा तुमच्या नाकात होता तर," ती म्हणाली.

सरपंचांनी टोपलीत तोंड घातले आणि पाणावलेल्या डोळ्यांनी वर आले. वासामुळे की लाजेमुळे, ते मला सांगता येणार नाही. "माउसी, उद्या तुझ्या जागेवरच बस," ते म्हणाले, "आणि माझं अर्धा किलो बाजूला काढून ठेव."

मित्रांनो, काम झाले की डबा धुवा आणि झाकण उघडे ठेवून वाळवा, एवढेच माझे मागणे आहे. आणि कोणाच्या मालाला वास नाही असे वाटले, तर बाजारातून त्याला उठवण्याआधी स्वतःचे नाक एकदा दिदीला दाखवून या. ती आजारी कोण हे विचारत नाही.