तुळजाच्या हातची सोफाकव्हरं

आमच्या घरातला सोफा माझ्या लग्नाच्या आधीचा. सासऱ्यांचं, लक्ष्मणरावांचं, किराणा दुकान जरा चालायला लागलं तेव्हा त्यांनी तो आदिलाबादहून टेम्पोत घालून गुडीहत्नूरला आणला. चॉकलेटी रेक्झीनचा. ब्याण्णव साल उजाडेपर्यंत त्याची अशी दशा झाली होती, की उन्हाळ्यात माणूस उठायला गेला तरी सोफा त्याला सोडत नसे. कोपऱ्यातून पिवळा स्पंज बाहेर आलेला. मला तर त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

माझी नणंद तुळजा. तिला बघायला मंचेरियलची मंडळी येणार असं ठरलं. मुलगा कोळशाच्या खाणीत कारकून, राहायला क्वार्टर. सासूबाईंनी आधी सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चंद्रभागा, याचं कायतरी कर व बाई. अशा सोफ्यावर कोनाले बसवाव?"

मी लगेच हो म्हणाले. कारण त्या घरात मला मनापासून हो म्हणावंसं वाटेल असं एकच काम होतं, ते म्हणजे शिवणाच्या मशीनवर बसायचं.

मशीन माझी. पायाची. माझ्या वडलांनी, देवाजींनी, लग्नात दिलेली; एक दागिना कमी घातला, पण मशीन दिली. ती मागच्या पडवीत खिडकीखाली असायची. मला साध्या बाजारालासुद्धा कुणाच्या सोबतीशिवाय जाता येत नव्हतं, पण मशीनमुळे गाव माझ्याकडे यायचं. ब्लाऊज टाकायला बाया यायच्या, चार गोष्टी सांगून जायच्या. आणि मशीन चालू असली की सासूबाई हाक मारत नसत. तेवढा वेळ मी माझी असायची. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर तेवढाही वेळ राहिला नसता.

कापड आदिलाबादहून आणलं. जाड सुती, हळदीच्या रंगाचं, वर बारीक तपकिरी पानं. आधी रात्रभर पाण्यात भिजवलं, कारण कोरं कापड तसंच शिवलं की पहिल्या धुण्यात आटतं आणि मग कव्हर गादीला पुरत नाही. दुकानातले रद्दीचे तेलुगू पेपर जोडून माप कापलं. साधी पिशवी शिवून गाद्यांवर चढवली असती तरी भागलं असतं. पण मला कुठली अक्कल! मी कडेला सुतळी घालून पायपिंग लावलं, खाली मोजून चुण्यांची झालर सोडली, पाठीमागे बंद शिवले. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बैठक ओळखू येईना. सासरे बाहेरून आले आणि चपला परत दाराबाहेर नीट लावून आले. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

आमच्याकडे मुलगी बघायला लोक आले की बैठकीत जे जे शिवलेलं, विणलेलं, भरलेलं असेल ते मुलीच्या हातचं असतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला बघायला आले तेव्हा दारावरचं मण्यांचं तोरण माझ्या मामीनं केलेलं होतं आणि मी मान खाली घालून "हो" म्हणाले होते. सासूबाईंनी ते तोरण हाताळून पाहिलं होतं. त्यांनाही ठाऊक होतं. त्यात कुणी खोलात जात नाही.

मुलाची आई वच्छलाबाई खोलात गेली. चहा बाजूला ठेवून तिनं कव्हराची कड उलटी केली आणि आतली शिवण पाहिली.

"हे पायपिंग पोरीनंच लावलं?"

"सगळं तिनंच," सासूबाई म्हणाल्या. "मशीनवर बसली का उठतच नाई."

"मशीन तिचीच हाय?"

"हौ जी. तिचीच."

वच्छलाबाईनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. "मंग आयका, लक्ष्मणराव. आमाले देणं नको, घेणं नको. पोरगी आन् तिची मशीन, बस. अशी गुनाची पोरगी भेटून राह्यली, आनखी काय पाह्यजे?"

मी दारात होते, हातात रिकाम्या कपांचा ट्रे. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हुंड्याशिवाय मुलगी जात होती. ते चटकन उठले आणि त्यांनी व्याह्यांचे हात धरले. "देल्ली. पोरगीबी, मशीनबी," ते म्हणाले. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला, महिपतला, गाठलं. "माह्या बापानं देल्ली थे मशीन."

"दुसरी घेऊ ना. दिवाळीनंतर."

आमच्या घरात पुष्कळ गोष्टी दिवाळीनंतर होणार होत्या. कुठल्या दिवाळीनंतर, हे मात्र ठरलेलं नव्हतं. मी म्हणाले, "मी वच्छलाबाईले खरं सांगतो."

"सांग," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मंग लगन मोडलं का काऊन मोडलं थे बी तूच सांगजो गावाले. तुळजालेबी तूच सांगजो."

तो ओरडला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. मशीन जाणार हे दोन दिवसांत गावभर झालं. गावातल्या बाया आल्या आणि आपापली अर्धवट ब्लाऊजं गुपचूप घेऊन गेल्या. शेजारच्या भागाबाईनं जाताना माझा हात दाबला. सगळ्यांना खरं माहीत होतं. पण पोरीचं जमलेलं लग्न मोडायला कोण पुढं होणार? दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर मीही गप्पच बसले असते. याचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता.

आणि तुळजा! तिला शिवणाचा ओ की ठो येत नव्हतं. ती दोन दिवस माझ्यामागे हिंडली.

"वयनी, मले शिकव ना."

"तुह्या आईले सांग शिकवाले."

तिसऱ्या दिवशी ती पडवीत माझ्यापुढे येऊन रडायलाच लागली. "थे मले पयल्याच दिवशी मशीनवर बसवतीन. क्वार्टरातल्या सोफ्याचं माप घेऊन ठेवलं म्हनते त्याईनं. मंग मी काय करू?"

एकोणीस वर्षांची पोर. बैठकीत ती मान खाली घालून बसली होती, एक शब्द बोलली नव्हती. मी तरी तेव्हा काय बोलले होते? मी उठले, स्टुलावरचे कपडे खाली काढले आणि म्हणाले, "बस."

तिचा पाय उलटा पडायचा आणि दोरा तटकन तुटायचा. शिवण सरळ जाईना. मी ब्लेडनं उसवायची, ती परत घालायची. एखादी गोष्ट चुकीची सांगावी, बॉबिन उलटी बसवायला शिकवावी, असं माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा आलं. पण मी नीट शिकवलं. तेल कुठं घालायचं, पट्टा ढिला झाला तर काय करायचं, सगळं. लग्नाच्या आठवड्यात तिनं उशीचा अभ्रा एकटीनं शिवला आणि सासूबाईंनी तो गल्लीभर फिरवला. त्यांना आता खरंच वाटायला लागलं होतं.

लग्न दारातच झालं. निघायच्या वेळी मशीनला हळदकुंकू लावलं आणि चार गड्यांनी ती उचलून अंगणात आणली. टेम्पो लागलेला होता. मी ओटीचं ताट घेऊन उभी होते. वच्छलाबाई माझ्याजवळ आली. बाई स्वभावानं चांगली होती, हे मला कबूल करावं लागेल.

"सूनबाई, तुमाले येते का शिवाले?"

इतक्या दिवसांत मला सरळ विचारणारी ती पहिलीच. सासूबाईंचा हात ताटावरच थांबला. महिपत गड्यांना काहीतरी सांगत होता, त्यानं मान वळवली. मुंडावळ्यांच्या आडून तुळजा माझ्याकडे बघत होती.

"नाई जी," मी म्हणाले. "मले सुईत दोराबी ओवता येत नाई."

वच्छलाबाईनं मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शिका बाई," ती म्हणाली. "तुळजा माहेरी आली का तिच्यापासून शिकून घ्या. बाईच्या हातात आपलं सोताचं कायतरी असाव."

मग ती मशीनच्या मागोमाग टेम्पोकडे गेली.