ढुंढिराजच्या मानेतलं पाणी

चौऱ्याण्णवच्या कार्तिकात बकुळ आमच्या हॉस्पिटलात शिरली ती गंगाजलाचा गडू घेऊनच. नवरा जिवंत होता, बोलत होता, आणि हिची शेवटच्या घोटाची तयारी. मी सर्जन, मला रागच आला. गडू काढून घेतला आणि माझ्या कपाटात कुलपात टाकला.

नवरा म्हणजे ढुंढिराज, काशीतल्या आमच्याच दूधविनायक मोहल्ल्यातला. आदल्या वर्षी वारलेल्या आईसाठी तो कार्तिकभर पंचगंगा घाटावर रोज उंच बांबूवर आकाशदिवा लावायचा. त्या दुपारी दिव्याचा बांबू बदलताना बांबूच मोडला आणि चिरफळलेलं टोक मानेत घुसलं. कुणा अतिशहाण्याने ते तिथेच उपसलं. मानेत घुसलेली वस्तू ऑपरेशनच्या टेबलावरच काढायची असते, पण ऐकतो कोण! नशीब बलवत्तर, रक्त थांबलं होतं, आवाज स्वच्छ होता. भीती होती अन्ननलिकेची. तिला भोक पडलं असेल तर थुंकीसुद्धा छातीत उतरते आणि आत सडायला लागतं. आमचं एक्स-रेचं यंत्र बंद होतं, म्हणून सकाळपर्यंत नजर ठेवायचं ठरवलं. तोंडात थेंबही जाता कामा नये, असं बकुळला दटावलं.

तिन्हीसांजेला ती घाटावर दिवा लावायला गेली, व्रतात खंड नको म्हणून. ढुंढिराज खोलीत एकटा होता. दाराशी मीच बसले होते. आत कुणी गेलं नाही.

थोड्या वेळाने पाहिलं तर मानेची पट्टी ओलीचिंब. रक्त नव्हे, पाणी. पट्टी सोडली. जखमेच्या तोंडाशी तुळशीचं पान चिकटलं होतं.

"पाणी कुणी दिलं?"

"आईने," तो म्हणाला. "म्हणाली, चल आता."

तोंडातलं पाणी मानेतून आलं, म्हणजे अन्ननलिका फाटली होती. बाकीचा विचार बाजूला ठेवून त्याला तसाच टेबलावर घेतला, मान उघडली, भोक शिवलं. सकाळपर्यंत थांबले असते तर तो हाती लागला नसता.

मग कपाट उघडलं. गडूचं झाळून बंद केलेलं तोंड शाबूत होतं. हलवून पाहिला, आत पाणी वाजलं नाही.

बकुळला सगळं सांगितलं. मला वाटलं, सासूने नवरा वाचवला म्हणून ती हात जोडेल.

"शरदिनीताई, त्या बचवायला नव्हत्या आल्या."

ढुंढिराज आता पोटभर जेवतो. पुढच्या कार्तिकात त्याने आईच्या दिव्यासाठी नवा बांबू आणला. बकुळने तो तोडून चुलीत घातला.